न ऐकलेलं वाक्य

मी एकोणीस वर्षांची असताना कोर्टात साक्ष दिली आणि त्या साक्षीवर एका माणसाला फाशीची शिक्षा झाली. साक्षीतलं बहुतेक सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एक वाक्य मात्र मी ऐकलेलं नव्हतं. हे ज्यांना ठाऊक होतं ती बहुतेक माणसं आता राहिली नाहीत, आणि मीही आता रोज गोळ्या घेऊन दिवस काढणारी निवृत्त मास्तरीण आहे. म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव कुरुंद्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा, त्यात आमचं दोन खणांचं पत्र्याचं घर. बा दुसऱ्यांच्या शेतात सालगडी होता आणि माय रोजानं जायची. आमच्याकडं हळदीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. त्या दोन महिन्यांत मायचे हात कोपरापर्यंत पिवळे व्हायचे, ते राखेनं घासले तरी निघायचे नाहीत. तिनं थापलेली भाकरसुद्धा कडेनं पिवळसर दिसायची, आणि त्या भाकरीला हळदीच्या वाफेचा मातकट, गोडसर वास असायचा. सोबत येसराची आमटी नाहीतर अंबाडीची भाजी. सकाळी जाग यायची ती बाच्या खोकल्यानं आणि लांब कुणाच्या तरी रानात हळद घासायचा ढोल फिरायचा त्याच्या खडखडाटानं. तो आवाज मला अजून आवडतो. निवृत्त झाल्यावर मी वसमतला राहायला आले, तरी हंगामात कुठं ढोल ऐकू आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते.

मी तेव्हा वसमतला अकरावीत होते. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी मायसोबत कामाला. आम्ही माधवच्या शेतात हळद शिजवायला जायचो. माधव तिशीतला, बोलायला तिखट पण कामाला वाघ. त्याची बायको कमल माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. ती दहावीपर्यंत शिकलेली होती आणि तिला वाचायचं वेड होतं. मी माझं मराठीचं पुस्तक पिशवीत घालून न्यायची, कारण ती मागायची. कढईखाली लाकडं सारत सारत ती धडे मोठ्यानं वाचायची आणि मध्येच थांबून विचारायची, ‘सुजाता, याचा अर्थ काय गं?’ पहिल्या वर्षी ती मला पाणी द्यायची ते वरून ओंजळीत. दुसऱ्या वर्षी एक दिवस तिनं तांब्याच माझ्या हातात दिला. त्यावर ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही, पण त्या दिवसापासून मला ती आपली वाटायला लागली. ज्या हंगामाचं मी सांगते आहे त्या हंगामात तिला सातवा महिना होता. तिच्या सासूनं कामाला जाऊ नको म्हटलेलं होतं, पण ती बसून राहणाऱ्यांतली नव्हती.

माधवच्या रानाला लागून त्याच्या चुलतभावाचं, दत्ताचं रान. मधे सामाईक विहीर, तिच्यावर एकच मोटार. सकाळी माधवची पाळी, दुपारी दत्ताची. दत्ता शांत माणूस होता. फार कमी बोलायचा, आणि बोलला तरी खाली बघून. त्याचा उन्हाळी भुईमूग होता आणि तो वाळायला लागला होता, कारण चार दिवस लाईटच दुपारची जात होती. पाचव्या दिवशी दुपारी लाईट आली, पण माधवनं मोटार सोडली नाही. कढयांना पाणी पाहिजे होतं, अजून दोन खेप हळद शिजायची होती. दत्ता बांधावरून आला. त्याच्या हातात काही नव्हतं, हे मला आजही स्पष्ट दिसतं. त्यानं सरळ जाऊन फ्यूज काढला. माधव धावत गेला आणि त्यानं दत्ताच्या थोबाडीत मारली. दत्ता पडला. त्याचं धोतर चिखलानं भरलं. माधव हसला, आणि दत्ताच्या मेलेल्या बापाबद्दल काहीतरी बोलला. ते मी इथं लिहीत नाही.

माय आणि बाकीच्या बाया बांधापलीकडं शिजलेली हळद पसरत होत्या. कढईपाशी मी आणि कमल. लाकडं फोडायची कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवलेली होती. दत्ता उठला आणि त्यानं ती उपसली. मला वाटलं, तो भीती दाखवतोय. माधवलाही तसंच वाटलं असावं, कारण तो मागं सरला नाही. दोन घाव. कमल मधे गेली, ‘भावजी, भावजी’ म्हणत. तिसरा घाव तिला बसला. तो तिलाच मारला की माधवला मारताना तिला लागला, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आताही येत नाही. मग दत्तानं कुऱ्हाड टाकली, कढईजवळचा तांब्या उचलला आणि कमलच्या तोंडाशी लावला. पाणी बाहेरच आलं. तो तिथंच बसून राहिला. पोलीस येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन तास, तो उठला नाही. कढईतली हळद जळून गेली तो वास सगळ्या शिवारात पसरला होता.

पोलिसांनी माझा जबाब घेतला तेव्हा मी हेच सगळं सांगितलं. रडत सांगितलं, पण सरळ सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षं केस उभी राहिली नाही. दोन वर्षं गावात एकच बोलणं, फाशी. पारावर, गिरणीत, बोअरवर, जिथं दोन माणसं तिथं हा विषय. जन्मठेपेनं काय होतंय, माणूस खाऊन-पिऊन परत येतो. एकाला लटकवलं की सगळं शिवार सुतासारखं सरळ येईल, पुन्हा कुणी बांधावर हात उचलणार नाही. हे सगळ्यात जास्त बोलायचा तो बळीराम. बळीरामची जीप होती, कुरुंदा ते जवळा बाजार अशी चालायची. मोठ्या आवाजाचा, दिलदार माणूस. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असलं की तो वेळ पाहायचा नाही. केस सुरू झाली तेव्हा साक्षीदारांना कोर्टात नेण्या-आणण्याचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. तारखेच्या दिवशी आम्हाला वाटेत हॉटेलात बसवून चुरमुऱ्यांचा गरम सुशीला खाऊ घालायचा आणि म्हणायचा, पोरी, तू एकटी दिसतीस पण सगळं गाव तुझ्या तोंडाकडं पाहू राहिलंय.

बा या बोलण्यात कधी पडायचा नाही. एकदाच, जीपमधे बसलेले असताना बळीराम त्याला म्हणाला, ‘गंगाराम, तूच सांग, माणूस फाशीला भितो का न्हाई?’ बा म्हणाला, जवान असताना एकदा मालकानं त्याला बायकोसमोर लाथ मारली होती आणि त्यानं खोरं उचललं होतं. ‘थांबलो म्या. पण फाशीला भिऊन न्हाई. त्या दिशी जमादार गावातच मुक्कामाला व्हता. ते याद आलं.’ सगळे हसले. मीही हसले. बा एवढं बोलून खिडकीबाहेर बघत बसला. ते हसण्यासारखं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. पोलिसांचा जमादार गावात नसता तर काय झालं असतं, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझ्या साक्षीच्या आदल्या आठवड्यात बळीराम आमच्या घरी आला. सोबत कमलचा भाऊ उत्तमराव होता. उत्तमराव शेतकरीच, बारीक, डोळे खोल गेलेले. तो आमच्या ओसरीत कधी आलेला नव्हता. मायनं चहा दिला तो त्यानं घेतला. बोलला सगळं बळीरामच. त्याचं म्हणणं असं की वकिलांनी सांगितलंय, आरोपी रिकाम्या हातानं आला होता, कुऱ्हाड तिथलीच होती, मार आधी त्यानं खाल्ला. एवढ्यावर फाशी होत नाही. रागाच्या भरात झालं असं धरतात. पण सकाळी, फ्यूज काढायच्या आधी, तो विहिरीवर आला होता आणि ‘आज दोघांचंबी काम संपवतो’ असं म्हणाला होता, हे कुणी ऐकलं असलं तर गोष्ट वेगळी. त्या सकाळी विहिरीवर पाणी भरायला मीच गेले होते.

मायनं विचारलं, ‘म्हणला व्हता का तसं?’

‘म्हणला नसल, पण मनात असलच की,’ बळीराम म्हणाला. ‘एक वाक्य हाय, बाई. एका वाक्यानं पुढच्या दहा कमला वाचतील.’

उत्तमराव तेव्हा पहिल्यांदा बोलला. खाली बघूनच. म्हणाला, ‘मला पुढच्या दहांचं काही न्हाई. माझी बहीण गेली. त्यानं जगू नये, एवढंच.’ आणि तो उठून बाहेर गेला. आज मला वाटतं, त्या दिवशी ओसरीवर खरं बोलणारा तो एकटाच होता. त्याचं दुःख दुःख होतं, त्याला त्यानं दुसरं नाव दिलं नाही.

ते गेल्यावर माय म्हणाली, जे पाहिलं ते सांग, नाही पाहिलं ते सांगू नको. बा गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळत होता. वरच्या आळीतली माणसं आपल्या दारात आली होती, उद्या त्यांच्याच रानात काम मागायला जायचं होतं. पण मी ते वाक्य बोलले ते या धाकानं नाही. तसं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. मला दत्ताला फाशी झालेली पाहिजे होती. डोळे मिटले की मला कमलच्या तोंडातून बाहेर येणारं पाणी दिसायचं. आणि बळीरामचं म्हणणं मला पटलं होतं. एक खोटं बोलून पुढचे खून थांबत असतील तर ते खोटं कसलं, असा हिशेब मी मनात घातला. मी अभ्यासात हुशार होते, मला स्वतःला पटवून देणं जमायचं.

कोर्टात मला भीती वाटली नाही. पिंजऱ्याचं लाकूड बोटांना तेलकट लागत होतं. दत्ता समोर बाकावर बसला होता, दोन वर्षांत त्याचे केस अर्धे पांढरे झाले होते. मी सगळं सांगितलं. सकाळचं सांगायची वेळ आली तेव्हा मी तेही सांगितलं, आवाज न हलू देता: विहिरीवर आला, मोटारीकडं बघून म्हणाला, आज दोघांचंबी काम संपवतो. दत्तानं तेव्हा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आठवायचा प्रयत्न करणारा माणूस बघतो तसं. त्याचे वकील उठले आणि त्यांनी विचारलं, पोलिसांना जबाब दिला त्यात हे आहे का? मी म्हणाले, नाही. का नाही? मी म्हणाले, घाबरले होते. हे उत्तरही बळीरामनंच दिलेलं होतं. पाण्याच्या तांब्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. ते वाक्य खोटं होतं, आणि हे न सांगणं त्याच्याच जोडीचं होतं.

निकाल लागला तेव्हा मी डी.एड.ला होते. दोन जीव, पोटातला तिसरा, आणि ठरवून केलेला खून, म्हणून मरेपर्यंत फाशी. बळीरामनं जवळा बाजारहून पेढे आणून गावात वाटले, आमच्याही घरी दिले. मायनं ते घेतले, फळीवर ठेवले आणि कुणी खाल्ले नाहीत. मुंग्या लागल्यावर तिनं ते कोंबड्यांना टाकले. मला आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. पण वाईटही वाटलं नाही. एक काम संपलं, असं वाटलं. गावात काही दिवस खरंच शांतता होती. लोक म्हणायचे, बघा, धाक बसला.

सात-आठ महिने गेले. शिक्षा कायम करायची का हे हायकोर्टात चालू होतं, दत्ता फाशीच्या कोठडीत होता. एका बाजारच्या दिवशी, भर अकरा वाजता, जवळा बाजारच्या स्टँडवर बळीरामचं आणि संजू नावाच्या दुसऱ्या जीपवाल्याचं भांडण झालं. कारण नंबरचं. संजूनं बळीरामचा नंबर मोडून पाशिंजर भरले होते. शिव्या झाल्या, छातीला छाती लागली. बळीरामनं सीटखालची टॉमी काढली आणि संजूच्या डोक्यात घातली. चाकं खोलायची लोखंडी पहार ती, दोनदा मारायची गरज पडली नाही. अख्खा बाजार बघत होता. कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या, भाजीवाल्या बसलेल्या होत्या, चौकीतला पोलीस समोरच्या टपरीवर चहा पीत होता. संजूचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं.

मला हे संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर कळलं. पहिल्यांदा मी म्हणाले, दुसरा कुणी बळीराम असेल.

बळीरामला मी भेटले ते त्यानंतर दोन महिन्यांनी, वसमतच्या स्टँडवर. दोन पोलीस त्याला तारखेला नेत होते, हातात बेडी, बाकावर बसून चहा पीत होता. त्यानंच मला हाक मारली. वाळला होता, आवाजही बसला होता. पोलीस ओळखीचे झाले असावेत, त्यांनी मला उभं राहू दिलं. त्यानं बाची तब्येत विचारली, माझं शिक्षण कुठवर आलं ते विचारलं. मी सरळ विचारलं, ‘काका, तवा तुमाला फाशी याद आली न्हाई का?’

त्याला राग आला नाही. त्यानं खरंच विचार केला, चहा हातात तसाच धरून.

‘न्हाई गं पोरी,’ तो म्हणाला. ‘काहीच याद न्हाई आलं. बायको न्हाई, लेकरं न्हाई. त्याचं डोकं फकस्त दिसू राहिलं व्हतं. इतकुसं.’ आणि बेडीच्या हातानं त्यानं संत्र्याएवढा आकार करून दाखवला. मग म्हणाला, ‘पेढे म्याच वाटले व्हते न?’

मी व्हय म्हणाले. पोलिसानं त्याला उठवलं.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. वाक्याचंही. तिला ते माहीतच होतं. ती चुलीपुढं बसली होती, म्हणाली, जाऊन सांगून ये. कुणाला, ते तिला माहीत नव्हतं. मी दत्ताच्या वकिलांकडं गेले, बाला सोबत घेऊन. वकीलसाहेब म्हातारे, पांढऱ्या मिशांचे. मी सांगितलं की ते वाक्य मी ऐकलं नव्हतं, मी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे, आणि पाण्याच्या तांब्याचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी समजावलं: हे वाक्य पोलीस जबाबात नाही, खालच्या कोर्टानं ते मानलं तरी हायकोर्ट ते बाजूला काढेल असं त्यांना वाटतं. आता मी फिरले तर माझी सगळीच साक्ष संशयात येईल आणि खोट्या साक्षीचा खटला माझ्यावर होईल. त्याचा त्यांच्या अशिलाला उपयोग होईलच असं नाही. शेवटी म्हणाले, ‘मास्तरीण व्हायचंय ना तुला? जा. हे तुमच्या-माझ्यात राहू दे.’

मी गेले. मी हट्ट धरला नाही. बाहेर आल्यावर बानं मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला, आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं. वकील म्हणाले तसंच झालं. हायकोर्टानं माझं वाक्य मानलं नाही, फाशी रद्द करून जन्मठेप दिली. बळीरामलाही पुढं जन्मठेप झाली आणि तो आतच आजारानं गेला. माझ्या खोट्यानं कुणाचा जीव गेला नाही. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले.

आता आमचा निवृत्त शिक्षकांचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. कुठं काही भयंकर घडलं की सकाळी सकाळी त्यावर येतं, भर चौकात फाशी द्या, म्हणजे पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. लिहिणारी माणसं चांगली आहेत, त्यांच्या लेकीबाळी आहेत, त्यांचा संताप मला कळतो. एकदा एका बाईंनी मला थेट विचारलं, तुम्ही काहीच का लिहीत नाही? मी काय लिहिणार. शिक्षेनं गुन्हे किती कमी होतात याचे आकडे मला माहीत नाहीत. मला दोन माणसं माहीत आहेत. एकानं खून केला तेव्हा त्याच्या डोक्यात पाणी आणि थोबाडीत बसलेली चापट होती. दुसऱ्याच्या ओळखीचा माणूस त्याच वेळी फाशीच्या कोठडीत बसलेला होता, आणि ती फाशी मिळवायला त्यानं स्वतः प्रत्येक तारखेला पेट्रोल जाळलं होतं. धाक ज्याला बसायला पाहिजे होता तो यापेक्षा जवळचा कोण असणार? आणि तिसरा माझा बा. तो थांबला, पण तो गावात मुक्कामाला असलेल्या जमादाराची आठवण होऊन. एवढ्यावरून मी जगाचा नियम काढत नाही. दुसऱ्या कुणी दुसरी माणसं पाहिली असतील.

दत्ता सुटला तेव्हा मी दोन लेकरांची आई होते आणि कनेरगाव नाक्याजवळच्या शाळेत माझी बदली झालेली होती. तो सुटल्याचं मला माहीत नव्हतं. शाळा सुटली की मी नाक्यावर एसटीची वाट बघायची, तिथल्या एका ढाब्याच्या बाहेर सावलीला बाकडं होतं. एके दिवशी आतून एक म्हातारा चहा घेऊन आला. मी मागवला नव्हता. त्यानं कप ठेवला आणि म्हणाला, ‘तुमी गंगारामच्या सुजाता न?’

आवाजावरून नाही, खाली बघण्यावरून मी ओळखलं. तो तिथं पीठ मळायचं, भाज्या चिरायचं काम करत होता. जेलात स्वयंपाक शिकला होता. गावात जाऊन आला होता एकदा, पण तिथं राहता आलं नाही म्हणाला. आई वारली होती, रान पुतण्या कसत होता. त्यानं माझ्या लेकरांचं विचारलं. त्याच्या बोलण्यात काही मागणं नव्हतं, काही टोचणं नव्हतं. वाशीमकडं जाणारे ट्रक धूळ उडवत जात होते. मी चहा संपवला आणि ठरवलं की आज नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

मी म्हणाले, कोर्टात मी एक गोष्ट बोलले होते, सकाळच्या विहिरीवरची.

‘हां,’ तो म्हणाला. ‘ते वाक्य मला पाठ हाय. तुमी बोलल्या तवा मला काही याद येईना, का म्या असं कवा म्हणलो. मग वाटलं, हे लेकरू खोटं काहून बोलल? म्या बोललोच असल. सकाळपासून माझ्या मनात असलच, मलाच कळलं नसल. आत एवढी वर्षं म्या तेच धरून चाललो. लई विचार केला त्याचा. ज्याला आधीपासून मारायचं मनात असतंय तो माणूस कसा असतो, असं सोताकडंच बघत बसायचो.’

मग मी आमच्या गावच्या बोलीतच बोलले, मास्तरणीच्या नाही.

‘न्हाई भाऊ. तुमी तसं म्हणलेच न्हाई. म्या ऐकलं न्हाई. ते म्या मनानं सांगितलं, तुमाला फाशी व्हावी म्हणून. तुमी वहिनीला पाणी पाजायला गेले, ते मात्र म्या सांगितलं न्हाई.’

तो उभाच होता. त्यानं रिकामा कप उचलला, बशी उचलली, आणि फडक्यानं बाकडं पुसलं, जिथं काही सांडलं नव्हतं तिथं. आतून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं ती ऐकली नसावी.

‘पण मारलं म्याच न?’ त्यानं विचारलं.

‘व्हय. ते म्या पाहिलं.’

‘मंग तेवढं माझं,’ तो म्हणाला, आणि कप-बशी घेऊन आत गेला.